वाफसा, उजेड आणि यंत्राचे मराठी

भाषेची श्रीमंती कोठे साठविलेली असते, हा प्रश्न आम्ही या लेखमालेत अनेकदा वेगवेगळ्या अंगांनी हाताळला आहे. जुने दस्तऐवज, गावांची नावे, उताऱ्यावरील नोंदी, लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या यांविषयी लिहून झाले. या खेपेस विषय कुंड्यांचा आहे. वाचकांस तो क्षुल्लक वाटल्यास आमची हरकत नाही. पण शेवटपर्यंत वाचावे, अशी विनंती आहे.

आमच्या घरात लहानमोठ्या तेवीस कुंड्या आहेत. काही खिडक्यांच्या कट्ट्यावर, काही जिन्याच्या वळणावर, काही पुढच्या पडवीत. त्या सर्व आमच्या मातुःश्रींच्या. वय चौऱ्याऐंशी. माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, म्हणजे जेथे पाऊस आणि रान दोन्ही भरपूर. झाडांचे सारे शिक्षण त्यांना त्यांच्या आईकडून मिळाले, आणि ते एका अक्षरानेही कोठे लिहिलेले नाही. गेल्या आषाढात त्यांच्या डोळ्यावरील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुण्यास आमच्या भगिनीकडे राहून करावयाचे ठरले. आषाढी एकादशी झाल्यावर निघावयाचे आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास परतावयाचे. आम्हां उभयतांस त्यांच्यासोबत जाणे भाग होते, आणि मधूनमधून धारवाड खंडपीठातील तारखांसाठी आम्हांस एकट्याने इकडे येणे होते. मातुःश्रींनी एकच अट घातली : "माझ्या झाडांची सोय लाव, मगच गाडीत बसते." डोळ्यांनी दिसेनासे झाले होते, तरी त्या बोटांनी माती चाचपून पाणी घालीत. ते हात महिनाभर नसणार होते. शस्त्रक्रिया आधीच दोनदा पुढे ढकललेली. तिसऱ्यांदा ढकलणे डॉक्टरांना मान्य नव्हते.

पाणी घालावयास शेजारची एक महाविद्यालयीन मुलगी तयार झाली. तिची मातृभाषा कन्नड. मराठी समजते, बोलतेही, परंतु लिहिलेले वाचताना अडखळते. तिच्या हाती द्यावयाचे लेखी वेळापत्रक तयार करण्यासाठी आमच्या चिरंजीवांनी सुचविले की, चॅटबॉटला विचारा. त्याप्रमाणे आम्ही एका रात्री संगणकापुढे बसलो आणि झाडांची नावे, खिडक्यांच्या दिशा, कुंड्यांचे आकार अशी सारी माहिती मराठीतून दिली. मातुःश्री शेजारी खुर्चीवर बसून होत्या. आम्ही उत्तरे मोठ्याने वाचत होतो आणि त्या ऐकत होत्या.

पहिले उत्तर क्षणार्धात आले, आणि दिसावयास मोठे नेटके होते. त्यातील मराठी मात्र फार विलक्षण होते. झाडाला ‘तेजस्वी अप्रत्यक्ष सूर्यप्रकाश’ द्यावा असे त्यात होते. ‘साप वनस्पती’ला दोनतीन आठवड्यांनी, ‘कोळी वनस्पती’ला आठवड्यातून एकदा पाणी, ‘शांती कमळ’ ओलसर ठेवावे, आणि ‘भांड्याच्या तळाशी छिद्र असल्याची खात्री करावी’. मातुःश्रींनी विचारले, "गळकं भांडं घरात कशाला ठेवायचं?" भांडे म्हणजे कुंडी, हे त्यांना सांगावे लागले. साप वनस्पती म्हणजे जिन्यातील ते उभ्या तलवारीसारख्या पानांचे झाड, ज्यास बाजारात स्नेक प्लांट म्हणतात आणि त्या स्वतः ‘पट्ट्याचं झाड’ म्हणतात. इंग्रजीत त्याच झाडाचे आणखी एक नाव आहे, ‘सासूची जीभ’. हे आम्ही सांगितले तेव्हा त्या खळखळून हसल्या. आमचे कुटुंब स्वयंपाकघरातून काहीच बोलले नाही.

हे शब्द कोठून आले, हे उघड आहे. या यंत्रांना जो मजकूर वाचावयास दिला गेला त्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा अत्यल्प. घरातील झाडांविषयी मराठीत जे थोडे लिहिलेले सापडते, त्यातही पुष्कळसे इंग्रजीवरून उतरविलेले. यंत्र मराठी अक्षरे लिहिते. विचाराचा साचा मात्र इंग्रजी लेखांचा असतो. ‘अप्रत्यक्ष सूर्यप्रकाश’ हे त्याचे उत्तम उदाहरण. इंग्रजीत ऊन आणि उजेड या दोहोंस एकच शब्द चालतो, म्हणून तेथे विशेषणे जोडून भेद करावा लागतो. मराठीत ऊन वेगळे, उजेड वेगळा, सावली वेगळी. शिवाय कवडसा आहे, तिरीप आहे, कोवळे ऊन आहे, रखरख आहे. मातुःश्रींनी तोच सल्ला चार शब्दांत दिला : "उजेडात ठेव, उन्हात नको." आम्ही तो यंत्रास जसाच्या तसा लिहून पाठविला आणि यापुढे असेच लिहावे असे बजावले. त्याने ते मानले, हे येथे नोंदविले पाहिजे. पुढील उत्तरांत ‘उजेड’ आणि ‘ऊन’ बरोबर जागी पडू लागले. शब्द त्यास ठाऊक होता. आपण होऊन सुचला नव्हता, इतकेच.

नावांचा गोंधळ याहून गंभीर होता, कारण त्याने झाड मरू शकले असते. आमच्या पडवीत एक ब्रह्मकमळ आहे. महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही घरोघरी ज्यास ब्रह्मकमळ म्हणतात ते निवडुंगाच्या कुळातील, मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडील. रात्री उमलते आणि पहाटेपर्यंत मान टाकते. त्याचे जे ‘पान’ आपण रोवतो ते वस्तुतः चपटे झालेले खोड असते. हिमालयातील ब्रह्मकमळ निराळेच. ते तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर वाढते आणि उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. आम्ही ‘ब्रह्मकमळाची काळजी’ विचारली तेव्हा यंत्राने दोघांची गाठ मारली. फूल रात्री उमलते हे आमच्याचे, आणि थंड हवा, बर्फाळ उतार, खडकाळ जमीन हे त्या दुसऱ्याचे. ओव्याचेही तसेच झाले. आमच्याकडे जाड, लवदार पानांचा पानओवा आहे, ज्यास कन्नडात ‘दोड्डपत्रे’ म्हणतात आणि ज्याच्या पानांची भजी होतात. यंत्राने मसाल्याच्या डब्यातील ओवा धरला आणि तो बियांपासून कसा पेरावा हे सविस्तर सांगितले. शेजारच्या मुलीस ‘दोड्डपत्रे’ म्हटल्याबरोबर क्षणात कळले. एका वस्तूला दोन भाषांत दोन नावे असणे हा सीमाभागात अडथळा मानला जातो. येथे तोच पुरावा कामी आला. आम्ही यंत्रास कन्नड नाव दिले, आणि त्याने झाड अचूक ओळखले.

वकिलाच्या सवयीने आम्ही मग त्याची उलटतपासणी घेतली. मनीप्लांटची दोन पाने पिवळी झाली होती. आम्ही विचारले, "पाणी जास्त झाल्यामुळेच पाने पिवळी पडली ना?" उत्तर : होय, हेच कारण असण्याची दाट शक्यता आहे. नवे संभाषण उघडून विचारले, "पाणी कमी पडल्यामुळेच पाने पिवळी पडली ना?" उत्तर पुन्हा होकारार्थी, आणि तितकेच आदबशीर. दोन्ही कारणे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी आहेत. पण साक्षीदाराने उत्तर शोधले नव्हते, प्रश्नातून उचलले होते. १८७२ च्या पुरावा अधिनियमाने सरतपासणीत सूचक प्रश्नांना हरकत घेण्याची सोय ठेवली ती याच स्वभावासाठी, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती कायम ठेवली आहे. ज्यास खूष करावयाचे आहे असा साक्षीदार माणूस असो वा यंत्र, त्यास उत्तर पुरवू नये. तिसऱ्यांदा आम्ही केवळ एवढेच लिहिले : "पाने पिवळी पडली आहेत. कारण ठरविण्यासाठी तुम्हांस काय माहीत असले पाहिजे?" तेव्हा त्याने उलट चार प्रश्न केले. खालची पाने की वरची? माती ओली की कोरडी? कुंडी मातीची की प्लास्टिकची? ताटलीत पाणी साचते काय? हे चारही प्रश्न कोणत्याही जाणत्या माळ्याने विचारले असते. यंत्राचा खरा उपयोग आम्हांस तेथे दिसला.

यंत्राच्या सर्वनामांविषयीही थोडे सांगावयाचे आहे, कारण भाषेच्या अभ्यासकांस त्यात रस वाटेल. सल्ला देताना ते वारंवार ‘आपण’ म्हणे : आपण पाणी घालूया, आपण पाने पुसूया. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद आहे. ऐकणाऱ्यास वगळून ‘आम्ही’, त्यास धरून ‘आपण’. हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासाने आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात; आणि गंमत अशी की, आजच्या कन्नडात तो उरलेला नाही, तेथे दोहोंस ‘नावु’ हा एकच शब्द. मातुःश्रींना व्याकरणाची परिभाषा ठाऊक नाही, पण तिसऱ्यांदा ‘आपण घालूया’ ऐकल्यावर त्यांनी विचारले, "ते कुठं येणार आहे झारी घेऊन?" प्रश्न बिनतोड होता. आम्ही यंत्रास ‘आपण’ टाकून सरळ ‘पाणी घालावे’ असे लिहावयास सांगितले.

आता ऋतूंचे. यंत्राचा पहिला आराखडा असा होता : वसंत आणि उन्हाळा हा वाढीचा काळ, तेव्हा पाणी आणि दरमहा द्रवरूप खत, हिवाळ्यात दोन्ही कमी. हा युरोप-अमेरिकेतील घरांचा आराखडा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, सह्याद्रीच्या पाठीशी टेकलेले. येथे चैत्र-वैशाखात कोरडी रखरख, मध्येच वळिवाचा दणका, आणि मृग लागला की ढग जे बसतात ते श्रावणापर्यंत हलत नाहीत. आषाढातील झड ज्यांनी पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे की, दिवसा दुपारी दिवा लावावा लागतो. अशा वेळी घरातील झाडांना उजेड कमी मिळतो, हवा दमट असल्याने पानांतून पाणी उडत नाही, कुंडीतील माती आठवडाभर वाळत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात आणि कुजतात. उन्हाळ्यात पाण्यावाचून झाड मरगळते, माना टाकते, आपल्याला दिसते तरी. आषाढात ते आतून कुजते आणि वर काही दिवस हिरवेच दिसते. म्हणून जून-जुलै ‘वाढीचा काळ’ समजून ठरल्या वाराला पाणी आणि महिन्याला खत घालणारी मुलगी आज्ञाधारक असती, तर श्रावणापर्यंत अर्ध्या कुंड्या रिकाम्या झाल्या असत्या.

मातुःश्रींचे पंचांग नक्षत्रांचे. मृगात माती मोकळी करावी, शेणखत चिमूटभर, कलमे लावावयाची तर तेव्हाच. आर्द्रा लागली की पाणी हात आखडून. "तरण्यात नि म्हाताऱ्यात खत नको," हे त्यांचे वाक्य आम्ही तसेच टंकित केले. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. यंत्राने उत्तर दिले की, तरुण रोपांना आणि जुन्या, वयस्क झाडांना खत देणे टाळावे. वाक्य शुद्ध, सल्लाही वरवर शहाणपणाचा, आणि अर्थ पूर्ण चुकलेला. नक्षत्रांच्या तारखा मात्र त्यास ठाऊक होत्या. मृग ७ जूनच्या सुमारास, आर्द्रा २१ जूनच्या सुमारास, पुनर्वसू ५ जुलैच्या. पंचांग छापले गेले म्हणून यंत्रापर्यंत पोहोचले. तरणा-म्हातारा हे पडवीत बोलले गेले आणि बहुतांशी पडवीतच राहिले.

‘कलम’ शब्दावर मात्र ते अडखळले नाही. अरबीतील लेखणी मराठीत आली ती लेखणीही राहिली, कायद्याचे कलमही झाली आणि झाडाचेही. आम्ही मुद्दाम एका प्रश्नात तिन्ही अर्थ गुंफून पाहिले. यंत्राने छाट कलम आणि गुटी कलम यांना कायद्यापासून व्यवस्थित वेगळे केले. आणखी एका मुद्द्यावर निकाल यंत्राच्या बाजूने लागला. मातुःश्री पाने दुधाने पुसतात, चकाकी यावी म्हणून. यंत्राने सांगितले की, ओले फडके पुरे. धूळ निघाली की काम झाले. दुधाचा थर राहिला तर त्यास वास येतो आणि कीड-बुरशीस निमंत्रण मिळते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दूध महागही झालंय. त्याचं खरं धरू."

मुख्य अडचण राहिली ती पाणी केव्हा घालावे हे लिहिण्याची. यंत्र म्हणे, वरची एक ते दोन इंच माती कोरडी झाल्यावर. मातुःश्री म्हणत, "वाफसा आला की घाल." शेतकऱ्याचा हा शब्द त्यांनी माहेराहून कुंड्यांपर्यंत आणला आहे. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही नसते आणि कोरडीही नसते. ओल आहे, पण मातीत हवा खेळते आहे. मूठ वळते आणि बोट लागताच फुटते. औत घालावयास नेमकी अशी जी अवस्था, ती वाफसा. ‘वाफ’ शब्दाशी त्याचे नाते उघड दिसते. इंग्रजीत हे सांगावयास एक वाक्य लागते. मराठीत तीन अक्षरे पुरतात. आम्ही यंत्रास विचारले तेव्हा त्याने वाफशाची व्याख्या जवळजवळ अचूक दिली, कारण कृषी विद्यापीठांच्या आणि कृषी खात्याच्या पुस्तिकांत हा शब्द आहे. पण कुंडीच्या संदर्भात तो वापरावा, असे त्यास एकदाही सुचले नाही. त्याच्या लेखी शेतीचे मराठी एका कपाटात आणि घरातील झाडांचे इंग्रजी दुसऱ्या कपाटात होते.

मग आम्ही काम उलटे केले. यंत्राने आराखडा द्यावयाचा आणि आम्ही दुरुस्त करावयाचा, हे सोडले. मातुःश्रींनी एकेका कुंडीपाशी बसून सांगावे, आम्ही टंकित करावे, आणि यंत्राने त्याचा तक्ता करावा. दोन रात्री लागल्या. या दोन रात्रींत त्यांच्या तोंडून जे शब्द निघाले त्यांची आम्ही वेगळी वही केली आहे : फांदीने ‘जीव धरणे’, नव्या लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीचे ‘आंबवणी’चे हलके पाणी, ‘धुमारा’, ‘तगणे’, बोटाचे ‘पेर बुडेल’ इतकी ओल. एका झाडाविषयी सांगताना शब्द आठवेना, तेव्हा त्यांनी हाताने खूण करून दाखविली. तो शब्द आम्हांसही ठाऊक नव्हता आणि यंत्रासही. वहीत त्या जागी आम्ही कोरी ओळ सोडली आहे.

तक्ता शेवटी असा झाला. वार गाळले. त्याऐवजी नळाला पाणी येईल तो दिवस धरला. राकसकोपचे असो वा हिडकलचे, आमच्या भागात ते रोज येत नाही, आणि बादलीत रात्रभर ठेवलेले पाणीच कुंड्यांना चांगले. त्या दिवशी प्रत्येक कुंडीत बोट घालून पाहावे. पेराइतकी माती सुकलेली असेल तरच झारी. पट्ट्याचे झाड महिनाभर पाण्यावाचून राहिले तरी हात लावू नये. मातीच्या कुंड्या पाझरतात, त्या आधी पाहाव्यात; प्लास्टिकच्या मागाहून. ताटल्यांतील पाणी ओतून टाकावे, डास होतात. खत अजिबात नको. याच तक्त्याची कन्नड प्रत यंत्राने काही क्षणांत करून दिली. मुलीने ती वाचली आणि म्हणाली की, भाषा पुस्तकी आहे पण समजते. ‘कुंडी’ हा मराठी शब्द यंत्राने कन्नडात तसाच उतरविला नाही, याबद्दल आम्ही मनोमन त्याचे आभार मानले. त्या शब्दाचा कन्नडातील अर्थ सीमाभागातील वाचकांस ठाऊकच आहे, आणि मातुःश्री "कुंडीला पाणी घाल गं" म्हणाल्या की ती मुलगी दर वेळी तोंडाला ओढणी लावते.

वाफशाच्या जागी कन्नड प्रतीत ‘अर्धवट ओली माती’ असे काहीसे आले होते. मुलीने ते पेन्सिलीने खोडले. तिचे आजोबा शेती करीत. त्यांचा शब्द तिला आठवला, ‘हद’. तो तिने वर लिहिला, आणि कागद पडवीच्या दाराआड चिकटविला.

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. तिसऱ्या दिवशी, डोळ्यावर हिरवी पट्टी असतानाच, मातुःश्रींनी पुण्याहून फोन लावावयास सांगितला. पलीकडून मुलगी कुंडीगणिक अहवाल देत होती : पानओव्याला नवे धुमारे, ब्रह्मकमळाला एक कळी, मनीप्लांटचे आणखी एक पान गेले. मातुःश्रींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्याची माती हदाला आलीय काय बघितलीस?"

"इल्ल अज्जी," ती म्हणाली, "अजून वाफसा नाही."